गोमासेकाकांच्या बावीस मोटरी

गोमासेकाकांच्या हातात कोणतीही वस्तू दिली, की ते ती आधी कानाशी नेतात आणि हलवून पाहतात. नारळात पाणी आहे का हे आपण जसं पाहतो, अगदी तसं. मग डोळे बारीक करून विचारतात, "यात मोटर आहे का जी?"

एकदा दिवाळीला मी त्यांना फराळाचा डबा दिला. बोलता बोलता तोही कानाशी गेला. चकल्यांचा पार भुगा झाला. काकांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "नाई, यात नाई." मी तेवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, समोरच्याचं लक्ष नसलं की मला राग येतो. पण या माणसावर रागावून उपयोग नाही, कारण त्याचं लक्ष असतं. फक्त ते मोटरीत असतं.

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, त्यांचं घर आमच्या घराला लागून. मूळचे नरखेड तालुक्यातले. नागपुरात येऊन त्यांनी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवलं. वायपर, हॉर्न, सेल्फ, गाडीत बॅटरीवर जे जे चालतं ते सगळं. आता दुकान दुसऱ्याला दिलंय, पण हाताला चैन नाही. दर रविवारी भंगार बाजारात जातात आणि पिशवीभर मेलेल्या वस्तू घेऊन येतात. जुने टेपरेकॉर्डर, प्रिंटर, सेलवर चालणारी खेळणी. मग वरांड्यात बसून एकेकीचं पोट फाडतात आणि आतली अंगठ्याएवढी मोटर काढून बॅटरीला लावून पाहतात. फिरली, की म्हणतात, "जित्ती आहे!" ले-आउटमधल्या आयाबाया मुलांची खेळणी काकांच्या नजरेआड ठेवतात. माझ्या घरातून आजवर एक केस वाळवायचं यंत्र आणि एक हातातला छोटा पंखा गेला. दोन्ही वस्तू बिघडलेल्या होत्या हे खरं, पण मला न विचारता नेल्या हेही खरं.

आता तुम्ही विचाराल, या मोटरींचं हा माणूस करतो काय? तर रुखवत.

लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. कापसाचे ससे, साबुदाण्याची महिरप, लोकरीचे रुमाल. काकांचं रुखवत हलतं. जातं गरगर फिरतं. रहाटातून खरं पाणी पडतं. लाकडी बाई ताक घुसळते. चक्री झुल्यात बारीक बारीक लाडू बसून गोल फिरतात. आणि सगळं एका बॅटरीवर, कारण लग्नाच्या लॉनवाल्यांच्या विजेवर काकांचा काडीचा विश्वास नाही. ले-आउटमधल्या कोणाही मुलीचं लग्न ठरलं, की काका पत्रिकेच्या आधी हजर. दुकानासारखं काही नाही, मोबदला नाही. फक्त वराकडची माणसं रुखवत बघायला आली, की शेजारी हात बांधून उभं राहायचं आणि "चालून राहिलं न?" असं विचारायचं, एवढीच त्यांची हौस.

यातलं पहिलं रुखवत माझ्या मुलीच्या, रश्मीच्या लग्नातलं. त्याची कथा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हा काकांनी सगळ्या मोटरी हारात फुलं ओवावीत तशा एकामागून एक एकाच तारेत ओवल्या होत्या. मांडवात सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात वराच्या मामींची नजर रुखवतातल्या पाळण्याकडे गेली. पाळणा आपोआप हलत होता. आत काहीच नव्हतं.

"अगं बाई, रिकामा पाळणा हलवू नये!" असं म्हणून मामींनी ओटीतला नारळ उचलला आणि पाळण्यात ठेवला.

तळहाताएवढा पाळणा आणि त्यात अख्खा नारळ. पाळणा जागच्या जागी थांबला. पण गंमत अशी, की एकाच तारेतल्या मोटरी, पाळण्याची अडकली तर तिच्या वाट्याची वीज बाकीच्यांनी खाल्ली. ताक घुसळणाऱ्या बाईच्या अंगात आलं. रहाटाने वराच्या काकांच्या नव्या जाकिटावर पाणी उडवलं. चक्री झुल्यातले लाडू एकेक करून सुटले आणि त्यातला एक थेट भटजींच्या ताम्हनात पडला. मग पाळण्याखालून धूर निघाला, तिथली मोटर जळाली, तार तुटली आणि सगळं एकदम थंड. गोमासेकाका पुढे आले, वाकले, नारळ काढून कानाशी नेला आणि ठेवून दिला.

मला वाटलं, हा माणूस आता तोंड लपवेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी उभे. चेहरा नुकतं बक्षीस मिळाल्यासारखा.

"ताई, चूक सापडली. सारे एकाच लाइनवर होते. एक मेला का सारे मेले. आता प्रत्येकाले बॅटरीपासून आपापली लाइन, आपापला फ्यूज. पाळणा थांबला तं पाळणाच थांबंल, जात्याले काहून सजा?"

"काका, मुलगी सासरी गेली हो माझी काल."

"होय न. तिचं घर कोणत्या लाइनवर आहे ते पाहून घ्या," असं म्हणून ते गेले.

तेव्हापासून काका माणसांचीही जोडणी तपासतात. माझ्याबद्दल त्यांचं मत आहे, की आमच्या घरात सगळे एकाच तारेत ओवलेले आहेत. मी रुसले की स्वयंपाक बंद, स्वयंपाक बंद की नवरा बंद, नवरा बंद की बागेला पाणी बंद. मला हे पटत नाही. पण बागेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खोटं नाही.

त्यांचं दुसरं तत्त्व म्हणजे सगळं एकदम सुरू करायचं नाही. मोटर उठताना सगळ्यात जास्त ओढते, मग निवांत चालते. हे त्यांनी मला समजावलं ते असं: "बॅटरी म्हणजे विहीर, जी ताई. आमच्या मळ्यात विहीर एक अन् भाऊ आठ. आठही जणांनी एकाच दमानं पंप सुरू केले तं पाणी खाली जाते, कोणाच्याच वाफ्यात काई पोचत नाई. पाळीपाळीनं करा, साऱ्यांचं ओलित होते." म्हणून त्यांच्या रुखवताला बटणांची एक रांग असते. ते एकेक बटण दाबत जातात आणि प्रत्येकाला वेगळं बोलतात. जात्याला "चाल माय", रहाटाला "चाल बाप्पा", ताकवालीला "हो वं, तुलेच म्हणून राहिलो."

एवढ्या मुली उजवल्या, पण काकांच्या स्वतःच्या मुलीचं रुखवत मात्र घरातच होतं.

वर्षा त्यांची एकुलती एक. पुण्याला एका कंपनीत मोठ्या जागेवर. वय चाळिशीला टेकलं. लग्न करायचं नाही, हे तिने आईवडिलांना फार पूर्वी शांतपणे सांगून टाकलं होतं. काकू वर्षभर रडल्या. काका एवढंच म्हणाले, "बरं." आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्याच वर्षापासून मागच्या खोलीतल्या मोठ्या पाटावर एक रुखवत वाढत होतं. दर वर्षी त्यात दोन-तीन मोटरींची भर.

काकू म्हणायच्या, "पोट्टीच्या लग्नाचं पाहा म्हटलं तं हे मोटरी पाहून राहिले."

मी आगाऊ आहे, मान्य करते. एकदा विचारलंच, "काका, वर्षाचं कुठे ठरलं का? मग हे कोणासाठी?"

काकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसला. "कोणासाठी नाई जी. मले करू वाटते म्हणून करतो. पण तिच्यासमोर तुमी बोलजा नोका. तिले वाटंल, बाप वाट पाहून राहिला. तिच्या जिवाले कायले घोर?"

मग मला कळलं, की वर्षा सुट्टीला यायची असली, की आदल्या दिवशी त्या पाटावर डबल बेडची चादर का पडते. बाप वाट पाहत होता. आणि ती वाट तिला दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होता. त्या दिवसापासून मी चौकशी बंद केली. मला ते जड गेलं, पण केली.

एका मे महिन्यात वर्षा आली होती. मी दुपारी पन्हं प्यायला म्हणून गेले आणि मागच्या खोलीत कूलरसमोर बसले. काका, वर्षा, मी. काकू केर काढत होत्या. केरसुणीचा दांडा पाटाखालच्या मोठ्या बटणाला लागला. त्याच सकाळी काका काहीतरी तपासत होते आणि बाकीची सगळी बटणं चालूच राहिली होती.

आधी चादरीचा एक कोपरा थरथरला. मग दुसरीकडे काहीतरी गरगरू लागलं. मध्येच चादर वर-खाली होऊ लागली. चादरीखाली सासू-सुनेचं भांडण लागलंय असं वाटत होतं. बघता बघता चादर एका बाजूने आत ओढली जाऊ लागली. काका ग्लास हातात धरून दगडासारखे बसले होते.

वर्षा उठली आणि तिने चादर काढली.

मीसुद्धा ते पूर्ण असं पहिल्यांदाच पाहत होते. त्यात ताकवाली नव्हती. एक लाल सायकल होती, तिच्यावर दोन वेण्यांची मुलगी, तिचे पाय फिरत होते. नरखेडचा संत्र्यांचा मळा होता आणि विहिरीवरून पाण्याची बारीक धार पडत होती. काकूंचं शिलाई मशीन होतं, सुई वर-खाली होत होती. दुकान होतं आणि दुकानासमोरच्या गाडीचा वायपर हलत होता. एका कूलरसमोर तीच दोन वेण्यांची मुलगी पुस्तक घेऊन बसली होती आणि पुस्तकाचं पान वाऱ्याने उडत होतं. लग्नातलं असं त्यात काहीच नव्हतं. पहिल्या सायकलपासून पुण्याच्या विमानापर्यंत सगळी वर्षा होती.

आणि मधोमध तळहाताएवढी जागा रिकामी. दोन वायरी टेप गुंडाळून बंद केलेल्या. तिथे काय होतं ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी काकांनी मला दाखवला होता तो सागवानी पाळणा, आत काकूंनी शिवलेली काडेपेटीएवढी गोधडी. काकांच्या हातून झालेली सगळ्यात देखणी वस्तू. ती त्यांनी काढून टाकली होती.

वर्षाने त्या जागेवर बोट ठेवलं.

"हे आपल्या ले-आउटच्या गणपतीचं होय," काका घाईघाईने म्हणाले. "देखावा."

वर्षाने बोट सायकलवर नेलं. मग म्हणाली, "छान झालं, बाबा. या वर्षी गणपती सायकल चालवणार का?"

"हो. म्हणजे... उंदराले आराम."

काकूंनी केरसुणी टाकली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. वर्षा हसली, पण तिने ती चादर ज्या काळजीने परत घातली, ते पाहून मी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. तिला सगळं समजलं होतं. फक्त बापाला ते कळू द्यायचं नव्हतं. लपवाछपवीत लेक बापाच्या वर होती.

पुढच्या वर्षी वर्षाची नागपूरला बदली झाली आणि तिने वर्धा रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला. वास्तुपूजेच्या आठ दिवस आधी काका आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत, टेबलावरचं माझं घड्याळ दिसलं तरी उचललं नाही. तेव्हाच मी ओळखलं, की काहीतरी मोठं घडलंय.

"ताई, पोट्टीनं मागतलं."

"काय?"

"ते गणपतीचं. म्हणे, बाबा, माया घरी वास्तूले मांडा." मग खाली बघून म्हणाले, "सारे नातलग येतीन. लग्नाबिगर रुखवत मांडलं म्हणतीन. तिले कोणी काई बोललं तं? आपण नाव नाई घेऊ. कोणी विचारलं तं शोभेचं आहे म्हणू."

"म्हणू," मी म्हटलं.

वास्तूच्या दिवशी हॉलमध्ये लांब टेबल, त्यावर पांढरी चादर जमिनीपर्यंत सोडलेली, खाली बॅटरी. काकांनी बटणं एकेक करून दाबली. बावीसच्या बावीस मोटरी चालू झाल्या. तेवढ्यात वर्षा हिरवं रेशमी लुगडं नेसून आली आणि तिने टेबलावर पुठ्ठ्याची एक पाटी उभी केली. जाड मार्करने लिहिलेलं: वर्षाचं रुखवत.

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले.

नातलगांनी पाटी वाचली. कुजबुज झाली, नाही असं नाही. पण ती पुरती रंगण्याआधी बायका वस्तूंमध्ये गुंतल्या, कारण हलतं काही दिसलं की माणूस थांबतोच. आणि मग आमच्या बायकांनी जे करायचं तेच केलं. रिकामं काही चालवू नये म्हणून एकीने विहिरीच्या चाकाला झेंडूची माळ घातली. दुसरीने शिलाई मशीनच्या सुईखाली खण सरकवला. सायकलच्या कॅरिअरवर कोणी पेढे ठेवले, विमानात कोणी सुपारी बसवली. हळदीकुंकू तर सगळ्यांवर. मी अडवायला गेले, तर मलाच अक्षता देऊन म्हणाल्या, "तुम्ही पण वाहा."

थोड्या वेळाने सगळ्या वस्तू एकदम अडखळल्या. थांबल्या, चालल्या, पुन्हा थांबल्या. वर्षाच्या या दिवशी, एवढ्या लोकांसमोर, त्या पाटीखाली हे बंद पडलं तर लोक काय काय अर्थ काढतील, हे मला दिसत होतं. पण मग सगळं पुन्हा नीट चालू झालं आणि चालूच राहिलं. मी निःश्वास टाकला आणि काकांना सांगायला वळले, तर काका कुठेच नव्हते.

पंगत बसली. काका नाहीत. काकूंनी गच्ची पाहिली, मी खालचं पार्किंग पाहिलं. माणसाचा पत्ता नाही.

तेवढ्यात काकांची थोरली बहीण, नरखेडच्या आत्याबाई, काठी टेकत टेबलाशी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कानाने कमी, आवाज मोठा. त्यांनी एकेक वस्तू वाकून जवळून पाहिली आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अन् पाळणा काहून नाई वं यात?"

पुऱ्या वाढणारे हात थांबले. कोणी वर्षाकडे पाहिलं, कोणी मुद्दाम पाहिलं नाही. वर्षा भाताचं भांडं घेऊन जागच्या जागी उभी.

टेबलाखालून काकांचा आवाज आला, "लोड जास्त होत होता, बाई."

आत्याबाईंना ते ऐकू गेलं नाही. बाकी सगळ्यांना गेलं.

वर्षाने भांडं खाली ठेवलं. एका ताटात पुऱ्या, वांग्याची भाजी, मसालेभात आणि बुंदी वाढून घेतली. रेशमी लुगडं गुडघ्यापर्यंत आवरलं, पांढरी चादर उचलली आणि ताट घेऊन टेबलाखाली शिरली.

मी चादरीचा कोपरा धरायला वाकले, म्हणून मला दिसलं. बॅटरीच्या तोंडावरचा चिमटा, ज्यावरून बावीसही मोटरींची वीज जात होती, एवढ्या ओझ्याने तापून ढिला झाला होता. काका हाताला खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून तो दाबून बसले होते. किती वेळ कोण जाणे. मान वाकडी, घामाने सदरा भिजलेला, दुपट्ट्यातून बाहेर राहिलेलं बोट लाल झालेलं.

"सरका, बाबा," वर्षा म्हणाली. "मी धरते. तुमी जेवा."

"तुले चटका बसंल."

"बसू द्या."

"सोडशीन तं सारं बंद पडंल, बाप्पा. लोक पाहून राहिले."

"नाही सोडत."

तिने पदर हाताला गुंडाळला आणि चिमटा धरला. क्षणभर दोघांचेही हात त्यावर होते. मग काकांनी आपला काढला, ताट मांडीवर घेतलं आणि पुरीचा पहिला तुकडा मोडून लेकीच्या तोंडापुढे केला. वर्षाने तोंड उघडलं.

माझे डोळे वाहत होते, ते मी लपवणार नाही. मी चादर पुन्हा जमिनीपर्यंत नीट सोडली, वर मळ्यात पाणी पडत होतं ते एकदा पाहिलं आणि आत्याबाईंचा हात धरून त्यांना जेवायला घेऊन गेले.